लिपी बदलायची कळ

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो आईला ऐकू येईनासं झालं म्हणून. हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. त्या वर्षांत हैदराबादेत ज्याच्या त्याच्या घरी कॉम्प्युटर येत होता तो मुलाला अमेरिकेला धाडण्यासाठी. बाजार खुला झाला होता, अमीरपेटला गल्लोगल्ली क्लास निघाले होते, आणि आमच्या विद्यानगरच्या घरात मात्र छापखान्यानं भंगारात काढलेला एक मशीन येऊन बसला होता.

आईचे कान एका मोठ्या दुखण्यात गेले. कानाचं मशीन लावून पाहिलं, त्यात नुसती खरखर. त्याआधी आई म्हणजे अखंड बोलणारी बाई. दुखण्यानंतरही ती बोलू शकत होती, पण उत्तर कानावर येत नाही म्हटल्यावर हळूहळू बोलायचीच थांबली. खिडकीशी बसून राहायची. तिला तसं बसलेलं बघून मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा, कुणाचा ते मात्र कळत नसे.

अशातच दादाचं लग्न झालं. वहिनी वरंगळकडची, तेलुगू. लग्न दादानं स्वतःच जमवलेलं. दादा सिकंदराबादला रेल्वेत, मी सुलतान बाजारातल्या छापखान्यात, त्यामुळे दिवसभर घरात आई आणि वहिनी दोघीच. वहिनी घरीच ब्लाउज शिवायची. मराठी ती वर्षभरात बोलायला लागली, पण बोलून उपयोग काय? आईला हवं होतं लिहिलेलं, आणि वहिनीचं सगळं शिक्षण तेलुगूतून. शाळेतली हिंदी पास होण्यापुरती. पाटीवर नागरी अक्षरं काढताना तिचा हात असा अडखळायचा, की ओळ पुरी होईपर्यंत आईचा धीर संपायचा. आई उठून खिडकीशी जायची आणि वहिनी पाटी पुसून टाकायची.

आईचीही कमाल होती. पुण्याहून लग्न होऊन आली, सगळा संसार इथं केला, पण तेलुगूच्या वाटेला गेली नाही. भाजीवालीशी दखनीत भांडायची, तेवढं तिला पुरत होतं. "या वयात ती जिलब्यांची लिपी कोण शिकणार?" असं म्हणायची.

छापखान्यात आम्ही तेलुगू आणि हिंदी लग्नपत्रिका जुळवायचो. तिथल्या एका मशीनमध्ये आपल्याकडच्या लिप्यांचं एक कार्ड बसवलेलं होतं. त्याची गंमत अशी, की क ची कळ सगळ्या लिप्यांत एकच. तेलुगूत टाइप करा, एक कळ दाबा, तोच मजकूर नागरीत दिसायचा. अर्थ बदलायचा नाही, नुसता पोशाख बदलायचा. मालकांनी नवे रंगीत मशीन आणले आणि हा कोपऱ्यात गेला, तेव्हा मी तो मागून घेतला. घरी आणून कळांवर तेलुगू अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वहिनीला म्हटलं, "मराठी बोलता तशी टाइप करा. तुमच्या अक्षरात."

तिनं केली. काळ्या पडद्यावर गोल गोल हिरवी अक्षरं उमटली. मी कळ दाबली. आईनं चष्मा पुढं सरकवून वाचलं, "आज भेंडी करू की वांगी?" आणि म्हणाली, "वांगी. पण तुझ्यासारखी चिंच घालून नको." वहिनी हसली. कित्येक महिन्यांनी आमच्या घरात स्वयंपाकावरून वाद झाला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी दोघींपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही.

महिन्याभरानं आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "तुझी वहिनी मला सारखी घाई करते. आत्ता जेवायला या. आत्ता गोळी घ्या. काल म्हणते, आत्ता बाहेर ऊन आहे. ऊन काय आत्ता असतं आणि मग नसतं? आणि पहिला आ तर कायम ऱ्हस्व."

मी वहिनीला विचारलं. तिला आधी समजेचना, मग तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. "आत्ता नाही ओ ताई, अत्ता. आमच्यात सासूला अत्ता म्हणतात. तोंडानं मी अत्तम्माच म्हणते, पण ते म्मा टाइप करायचा कंटाळा येतो मला."

मी हे आईला टाइप करून दाखवलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही मला हाक मारत होती, आणि मी जेवायला पळत होते." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आईनं वहिनीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. लग्नाच्या आधीच कान गेले होते. सून आपल्याला काय म्हणते हे तिला आज कळत होतं.

"ते तिच्या अक्षरात दाखव," आई म्हणाली. मी कळ दाबली. डोक्यावर बरोबरची खूण असलेली ती गरगरीत अक्षरं तिनं काचेवरून बोटानं गिरवली आणि बोटाला लागलेली धूळ पदराला पुसली. त्यानंतर वहिनी टाइप करायला बसली की आई कळ दाबायच्या आधीच चष्मा लावून तयार असायची. मला वाटलं, बोलण्याची हौस.

पुढं सगळीकडे विंडोज आलं. मशीन कुरकुरायला लागला तेव्हा मी कार्ड बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, त्या कार्डाचा सपोर्ट बंद झालाय. तुम्ही नवीन घ्या ना." मी म्हटलं, नव्यात लिपी बदलता येते का? ती म्हणाली, हो, फॉन्ट बदला. छापखान्यातल्या नव्या मशीनवर मी बदलून पाहिला. 'भाकरी' निवडून तेलुगू फॉन्ट लावला, तर एखादी शिवी वाटावी असं काहीतरी उमटलं. नव्या प्रोग्रॅमला अक्षरांचं चित्र कळत होतं, उच्चार कळत नव्हता. याला लोक प्रगती म्हणत होते आणि मी दात ओठ खात होते.

मग मी त्या मशीनची नर्सच झाले. छापखान्यातून त्याचाच एक बंद पडलेला भाऊ आणला आणि एकेक अवयव काढून याला लावला. कार्ड उपसून त्याचे पितळी दात खोडरबरानं घासायचे, फ्लॉप्यांच्या नकला करून तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या जागी ठेवायच्या, ही कामं मी रविवारी करायची. आतली बॅटरी कायमची गेली, तेव्हापासून मशीन रोज सकाळी १९८० सालच्या जानेवारीत जागा व्हायचा. आपली हार्ड डिस्क कुठली हेही विसरायचा, तिचे आकडे रोज नव्यानं भरावे लागायचे. वहिनीला ते आकडे पाठ झाले होते. कुकर लावायचा, मशीनला त्याची ओळख सांगायची, मग चहा. सन दोन हजार उजाडताना सगळे मशीन बंद पडणार म्हणून अख्खं शहर कामाला लागलं होतं. आमचा ऐंशीतच राहत असल्यामुळे त्याला कसली धाड भरणार नव्हती.

पण एका शनिवारी संध्याकाळी वहिनीनं कळ दाबली आणि नागरीच्या जागी नुसते चौकोन आले. तेलुगू ठणठणीत, नागरी गायब. कार्डाचा तेवढाच भाग गेला होता. मी घासलं, पुसलं, काढून पुन्हा बसवलं. चौकोनच. मला आई पुन्हा त्या खिडकीशी बसलेली दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बस धरून सिकंदराबादचा कॉम्प्युटर बाजार गाठला. दुकानामागून दुकान पालथं घातलं. बहुतेकांनी असलं कार्ड पाहिलंच नव्हतं. एका म्हाताऱ्या दुकानदारानं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "ये पुराना माल अब कां मिलता अम्मा? नक्को हैरान हो. नवा ले लो." मी त्याला म्हटलं, नव्यात माझ्या आईला सुनेशी बोलता येत नाही. त्याला ते कळलं नसणार, पण त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी मागवलं. मी पाणी प्यायले आणि रिकाम्या हातानं परत निघाले. बसमध्ये मी वाक्य जुळवत होते, आईला काय सांगायचं, मी पाटीवर लिहीन, पण वहिनीचं सांगायचं साधनच मोडलं होतं.

दार उघडंच होतं. आतून आईचा आवाज येत होता, चढलेला. "दोडक्याच्या शिरा फेकल्यास? चटणी होते त्यांची. तुला किती वेळा सांगितलं?" वहिनी मशीनसमोर बसून भराभर टाइप करत होती. आई शेजारच्या स्टुलावर, चष्मा लावून, नाक जवळजवळ काचेला टेकवून. पडद्यावर सगळी तेलुगू अक्षरं.

मी उंबऱ्यातच थांबले. आई अडखळत, एकेक अक्षर उच्चारत वाचत होती. "शि... रा... को... वळ्या... नव्हत्या." मग वहिनीकडे वळून म्हणाली, "जून असल्या तरी चालतात. भाजून घ्यायच्या."

वहिनीचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अत्तम्मांना येतंय ताई," ती म्हणाली. "कधीपासून येतंय. मी कळ दाबायच्या आधीच उत्तर द्यायच्या त्या, तुम्ही छापखान्यात असताना."

मला रडू फुटलं. आईनं बघितलं आणि तिला वाटलं, कार्डासाठीच. "मिळालं नाही ना? जाऊ दे. हिला म्हणावं जरा सावकाश टाइप कर, म्हणजे झालं." मग तिनं वहिनीच्या खांद्याला कोपर मारलं. "आणि ही का रडतेय ते लिही."

वहिनीनं माझ्याकडे बघून काहीतरी टाइप केलं. ओळ पुरी व्हायच्या आतच आई खो खो हसायला लागली, आणि तिचं बघून वहिनीही. मी डोळे पुसून पुढं वाकले. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, छापखान्यात पत्रिका जुळवूनही तेलुगू मी एकेक अक्षर लावून वाचते. मला ती ओळ लागेपर्यंत दोघींचं हसून झालं होतं.