जमनाबाईचा दवाखाना

हिंगोली नुकतीच वेगळा जिल्हा झाली होती, तेव्हाची गोष्ट. मीटरगेजची गाडी डुलत डुलत स्टेशनात शिरली आणि उतरताच हळदीचा वास आला. बाजार भरात होता. माझी मैत्रीण नीलिमा खेड्यांतल्या दवाखान्यांवर संशोधन करत होती. ‘प्रश्न विचारले की लोक गप्प होतात, म्हणून आम्ही खेळतो. तू बाहुल्या घेऊन ये,’ असं तिनं मला बोलावलं होतं. मी कापडी बाहुल्या करते. पिशवीभर घेऊन निघाले.

सेनगावकडच्या एसटीत माझी पिशवी हळदीच्या पोत्यांवर ठेवावी लागली. नरसी नामदेवला गाडी पंक्चर झाली. टपरीवर चहा घेताना पिशवी उघडून पाहिलं, तर सगळ्या बाहुल्यांची तोंडं पिवळीधमक! मला रडूच यायचं बाकी होतं. शेजारची बाई वाकून बघत म्हणाली, “अगं माय, ह्यायचं तर समद्यायचं लगीनच लागून राहिलं!” मग मीही हसले.

साखऱ्याच्या अलीकडे एका तांड्यावर (बंजारा समाजाच्या वस्तीवर) नीलिमाचा आणि माझा मुक्काम होता. काळी रानं तापून भेगाळली होती, बांधावर पळस फुलला होता. तांड्याच्या नायकाची बायको झुमकीबाई हिनं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला. त्या बायका आपसात गोरमाटी (बंजारा बोली) बोलत, आमच्याशी मराठी.

दुसऱ्या दिवशी बायकांनी अंगणात जवळच्या आरोग्य उपकेंद्राची ओल्या मातीची छोटी प्रतिकृती उभारली. भिंती, दार, खाट, अगदी दारापुढच्या उंच पायऱ्यासुद्धा. तिथल्या सिस्टरही आवर्जून आल्या होत्या. खेळ सोपा होता. एकेकीनं बाहुली घ्यायची, तिला दवाखान्यात न्यायचं आणि वाटेत काय होतं ते सांगायचं.

हे अंगण जमनाबाईचं होतं. लहानपणी पोलिओ झालेला, ती हातांवर सरकत चाले. एरवी ती जमावात येत नसे, म्हणून झुमकीबाईनं जमावच तिच्या दारी आणला होता. जमनाबाईनं लाल घागऱ्याची बाहुली घेतली, सरकवत पायऱ्यांपाशी आणली आणि थांबली.

झुमकीबाईनं पटकन बाहुली उचलून आत खाटेवर ठेवली.

“उचलू नको तिला. खाली ठेव,” जमनाबाई म्हणाली.

“काहून वं? तिला दवाखान्यात जायचं न्हाई का?”

“जायचं हाय. पर लेकरावाणी उचलून नेतेत. समदे बघतेत, बिचारी म्हणतेत. मग दुखणं काय हाय ते तिला कोनी इचारत न्हाई. घरच्यालाच इचारतेत.”

बोलताना जमनाबाईच्या डाव्या हातावरची चिंधी सुटली होती. सिस्टर पुढं झाल्या आणि त्यांनी तो हात हातात घेतला. तळव्याला जखम होती, चिघळलेली.

“कधीपासनं हाय हे?” त्यांनी तिलाच विचारलं.

“थंडीपासनं.”

“आणि आली नाहीस?”

जमनाबाईनं फक्त मातीच्या पायऱ्यांकडे बोट केलं.

सिस्टरनी तिथंच पाणी मागवून जखम धुतली. “हे एकदा धुऊन भागायचं नाही. पट्टी बदलायला यावं लागेल. हा हात गेला तर चालशील कशी?” जमनाबाईनं उजव्या हातानं ओली माती उचलली, पायऱ्यांवर थापली आणि लांबलचक उतार केला. मग बाहुली त्यावरून हळूहळू वर नेली. “असं असंल तर येईन.”

“सिस्टर, दवाखान्याच्या दारात खराच उतार केला तर तुमची हरकत न्हाई ना?” झुमकीबाईनं विचारलं.

“माझी कसली हरकत? मी टोपलं उचलते.”

पुढचे काही दिवस तांड्यातले बायका-पुरुष नाल्याकाठचा मुरूम बैलगाडीनं वाहत होते. दगड लावले, पाणी मारलं, जमीन चोपायच्या धुमसानं ठोकलं. सिस्टरनी खरंच टोपली उचलली. नीलिमाची आणि माझी मात्र पहिल्याच सकाळी कंबर धरली.

उतार वाळला तेव्हा जमनाबाई बैलगाडीतून उपकेंद्रापर्यंत आली. उजवा तळवा आणि डावं कोपर टेकत ती चढू लागली. मध्येच दम खायला थांबली. झुमकीबाईचा हात नकळत पुढं गेला, तो तिनं स्वतःच मागं घेतला. सिस्टर वर उभ्या होत्या. जमनाबाई उंबऱ्याशी पोचली, घागरा झटकून सारखा केला आणि म्हणाली, “सिस्टर, माझा हात दुखून राहिला.”

आम्ही निघालो तोवर जखम भरू लागली होती. अंगणातला मातीचा दवाखाना शेळ्यांनी तुडवून टाकला होता आणि त्याची कुणालाही हळहळ नव्हती.

हिंगोलीकडे पाहण्यासारखं काय आहे, असं घरी आल्यावर लोक विचारतात. मी आधी औंढ्याचं देऊळ सांगते. त्याचं शिल्प खरोखरच बघत राहावं असं आहे. मग सांगते, सेनगावकडे एका उपकेंद्राच्या दारात मुरमाचा उतार आहे, ओबडधोबड, जरा वाकडाच. तो चढून एक बाई आत जाते आणि आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगते. तेही बघून या.