दसऱ्याला कन्सोलची पूजा

शनिवारी शेजारच्या मेरेकडे गेले होते. दिवाळीत चिवडा दिला होता, ती बरणी फेब्रुवारी उजाडला तरी तिच्याकडेच... जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराबाहेर काढून आत शिरले आणि तिच्या टीव्हीकडे बघतच राहिले. का, ते सांगते. पण त्याआधी आमच्या टीव्हीखालच्या डब्याबद्दल सांगायला हवं.

माझा नवरा सुमीत आयटीवाला. गेल्या वर्षी त्याने नवा गेमिंग कन्सोल घेतला आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं... गेम, सिनेमे, गाणी, डीव्हीडी, ऑनलाइन मालिका, सगळं या एकात. मग बाकीचं धूड घरात कशाला? डीव्हीडी प्लेअर विकला, म्युझिक सिस्टिम विकली, इंडियन चॅनलचा बॉक्स बंद केला. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातले त्याचे मित्र येऊन 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम भारी, म्हणून गेले, झालं, साहेब खूश.

सप्टेंबरमध्ये सासूबाई इकडे परदेशी आमच्याकडे आल्या. चिंचवडला एकट्या असतात. व्हिसा सहा महिन्यांचा, पण रमल्या तर कायमचं इथेच आणायचं, असं आमचं ठरलं होतं. आईही म्हणाल्या होत्या, "माझा दिवस जायला हवा गं, बाकी मला काही नको."

आणि नेमका दिवसच जाईना. आम्ही दोघं कामावर, ईशान शाळेत, आणि न्यू लिनच्या आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरूही नसतं. चिंचवडला त्या सकाळी रेडिओ लावायच्या, दुपारी मालिका... त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

इथे टीव्ही बघायचा तर आधी कंट्रोलर चालू करा. मग डबा विचारणार, तुम्ही कोण? खाली सुमीतचं नाव, माझं नाव, ईशानचं नाव... आईंचं नाहीच. त्यातून पुढे गेलात तर अपडेट, नाहीतर पासवर्ड. संधिवाताने वाकलेल्या अंगठ्यांनी त्या बिचाऱ्या काहीतरी दाबायच्या, आणि मालिकेऐवजी बंदुका सुरू व्हायच्या.

ईशान शाळेतून आला की, "आजी, यू हॅव टू साइन इन फर्स्ट," म्हणायचा आणि कंट्रोलर घेऊन स्वतःच खेळत बसायचा. सगळं एकात असलं की ते एका वेळी एकाचंच असतं, हे कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत. चार वस्तू होत्या तेव्हा चार माणसं आपापलं काहीतरी लावून बसायची. मी सुमीतला दहादा म्हटलं, एक साधा बॉक्स परत आण. तर म्हणे, अगं सगळं आहे की यात, आईला शिकायला काय होतंय... शिकवायला मात्र याला कधी वेळ नव्हता.

मग दसरा आला. पापाटोएटोच्या इंडियन दुकानातून मी झेंडू आणून ठेवला होता. आईंनी गाडीच्या किल्ल्या, माझा लॅपटॉप, त्यांनी येताना आणलेली विळी, सगळ्यांची पूजा केली. आणि त्या कन्सोलचीही... ज्याने त्यांना एक दुपार धड साथ दिली नव्हती, त्याची. हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या. त्या वरच्या जाळीतून थेट आत गेल्या.

संध्याकाळी आतला पंखा खडखडला आणि डबा बंद पडला. सगळं त्यातच, त्यामुळे सगळंच बंद. सणाच्या दिवशी घरात साधं गाणं लागेना. सुमीत भडकला. "ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा, आई?" असं म्हणाला, ईशानसमोर. आणि वेट वाइप घेऊन ते कुंकू खसाखसा पुसलं. आईंनी आत जाऊन पुरणाचा गॅस बंद केला. मला त्या क्षणी तो डबा उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यालाही.

दुरुस्तीवाल्याने तांदळाचे लाल दाणे काढून दिले आणि कन्सोल पहिल्यासारखा चालायला लागला. आई मात्र हॉलमध्ये बसायच्या बंद झाल्या. दुपारी त्या मेरेकडे जायला लागल्या. मेरे सत्तरीची, एकटी राहणारी माओरी बाई. हिला मराठी येत नाही, त्यांना इंग्रजी जेमतेम, पण आई दारातून "किया ओरा" असा माओरीत नमस्कार करत शिरायच्या आणि दोघी टीव्हीवरचं इंग्रजी क्विझ बघत बसायच्या. मी विचारलं, कळतं का हो काही? म्हणाल्या, "कळायचं काय त्यात... तिच्याकडे रिमोट आहे. बटण दाबलं की लागतो."

दिवाळी झाली आणि आईंनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. एअरपोर्टवर म्हणाल्या, "छान आहे रे तुमचं सगळं. पण तिथे माझं मला लावता येतं." त्या आता परत येणार नाहीत, हे मला तिथेच कळलं. सुमीतला वाटलं, थंडी बाधली.

तर शनिवारी... मेरेच्या जुन्या टीव्हीच्या कोपऱ्यावर हळद-कुंकू होतं. शेजारी वाळून काळपट झालेलं झेंडूचं फूल. दिवाळीत आईंनी पूजा केली होती म्हणे. मेरे म्हणाली, अर्थ काही मला कळला नाही, पण तुझ्या सासूने फार मनापासून केलं, म्हणून त्या कोपऱ्यावर मी फडकं फिरवत नाही.

बरणी घेऊन घरी आले तर सुमीत आईंशी फोनवर बोलत होता. उत्साहात सांगत होता, पुढच्या वर्षी ये, तुझ्या नावाचं प्रोफाइल करून ठेवलंय. स्पीकरवर आईंचा आवाज आला, "बरं बरं. आणि मेरे कशी आहे रे?"

त्याला काय ठाऊक असणार... मी फोन घेतला आणि सांगितलं, मेरे बरी आहे आई, तुमचं कुंकू अजून आहे.