पॉलिश उतरवलेली गाडी: बेळगाव ते बोरगाव

यंदा जयंतीच्या मिरवणुकीत आमची गाडी पुढे नसेल. समितीत असलेल्या माझ्या वडिलांनीच, म्हणजे आप्पांनी, काल निपाणीहून फोन करून हे पक्कं सांगितलं. कारण विचारायची गरज नव्हती. आजवर फुलांच्या माळा घालून, आरशासारखी चमकत मिरवणुकीच्या तोंडाला असणारी आमची काळी एसयूव्ही आता जाडजूड टायरांवर उभी आहे. तिच्या टपावर लोखंडी कॅरियर आहे आणि डाव्या दारावर बाभळीचे ओरखडे. ते ओरखडे मी मुद्दाम ठेवलेत.

मी बेळगावात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते, नवरा मिलिंद वकील आहे. ही आलिशान गाडी आम्ही सेकंडहँड घेतली तेव्हा निपाणीच्या आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले होते. आप्पांची तरुणपणाची वर्षं बोरगावच्या एका मळ्यात मजुरीत गेली, पुढची निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमालीत. त्यांच्या दृष्टीनं ती गाडी नव्हतीच, उत्तर होतं. म्हणून मागच्या सीटा काढून, आत झोपायची सोय करून, कच्च्या रस्त्यांना लागायचं आम्ही ठरवलं तेव्हा ते थेट टिळकवाडीत आमच्या घरी येऊन थडकले.

"कोट घालायला आपल्याला किती पिढ्या लागल्या, आन तू त्याला गोणपाटाचं ठिगळ लावतीस व्हय गं?"

"धूळ लागेल म्हणून जो कोट घालून कुठं जाताच येत नाही, तो आपला कसला, आप्पा? तो अजून दुकानातलाच."

"आन झोपणार उघड्यावर? उघड्यावरनं घरात यायला माझी हयात गेली. तू तेल जाळून परत तिथंच निघालीस!"

तरीही दुसऱ्याच आठवड्यात मी सीटा काढायला दिल्या. "त्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाय," असं सांगून आप्पा त्याच दिवशी बसनं परत गेले होते.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. चकचकीत मोठ्या रिमवरचे पातळ टायर खेड्यातल्या एका दगडात फुटतात. रिम लहान आणि टायर जाड घ्या, पण कंपनीनं मान्य केलेल्या मापातच. इंजिनाखाली पोलादी पत्रा हवाच. फ्रिज आणि दिव्यांसाठी वेगळी बॅटरी बसवा, नाहीतर सकाळी गाडी चालू होत नाही. बॉडी कुठेही कापू नका, सगळं नट-बोल्टवर बसवा आणि आधी आरटीओत विचारून घ्या. शोरूममध्ये विचारलंत तर "वॉरंटी जाईल" एवढंच ऐकायला मिळेल. आमची कधीच गेली होती.

झोपायचा सांगाडा उद्यमबागेतल्या रफिकभाईंनी केला. त्यांचा धंदा उसाच्या ट्रॉल्या बांधायचा. चार दिवसांनी गेलो तर गाडीच्या आत लोखंडी चॅनेलचा अख्खा पूल उभा.

"वैनी, आता किती बी ऊस भरा, वाकणार न्हाय!"

"रफिकभाई, आम्ही दोघं झोपणार आहोत."

"मग काय, झोपा की निवांत!"

गाडीचं बूड जमिनीला टेकत चाललं होतं. तो पूल उतरवून ॲल्युमिनियमचे पाइप आणि प्लायवूड लावण्यात आणखी एक आठवडा गेला. तुम्ही ट्रॉलीवाल्याकडे गेलात तर वजन आधी बोला.

शनिवारी सकाळी निघालो. महामार्ग चांगला आहे, पण कामामुळे मध्येमध्ये सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं, तेव्हा निपाणीपर्यंत दोन तास धरा. संकेश्वरला उप्पीट, मिरची भजी आणि चहा झाला. दोघांचं पोट अगदी स्वस्तात भरलं. तिथे हॉटेलवाल्यानं गाडीभोवती चक्कर मारली आणि मिलिंदला विचारलं, "साहेब कुठं हायत?"

"कुठले साहेब?"

"गाडीचे मालक हो."

गाडी चमकत होती तेव्हाही हाच प्रश्न यायचा. पॉलिशनं काही फरक पडला नव्हता, मग ते सांभाळायचं कशाला? तवंदीचा घाट उतरेपर्यंत मी हेच बडबडत होते. निपाणीत आप्पांनी जेवायला घातलं, तांबडा रस्सा पुन्हापुन्हा वाढला, पण गाडी बघायला उंबऱ्याबाहेर आले नाहीत. निघताना फक्त विचारलं, "कुठं मुक्काम?"

"बोरगाव. दूधगंगेच्या काठाला."

ते आत वळले.

बोरगावच्या पुढे नदीकडे जाणारी वाट काळ्या मातीची आणि दोन्ही बाजूंनी बाभळी. दार खरवडल्याचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मिलिंदनं डोळे मिटले, गाडी चालवत असूनही. मी मात्र हसले. काठावरच्या गवतात गाडी लावली. पिठलं केलं, सोबत आईनं दिलेल्या भाकरी. वाळत घातलेल्या तंबाखूचा वास वाऱ्याबरोबर यायचा आणि आम्ही आळीपाळीनं शिंकायचो. दारं आतून लावून झोपलो.

सकाळी चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून आप्पा आले. त्याला त्यांनी बोरगावात चहाला पाठवलं आणि गाडीला एक फेरी मारली. ओरखड्यांवर बोट फिरवलं. फळी दाबून बघितली.

"दार आतनं लागतंय?"

"लागतंय."

"जाग्यावर पाठ टेकून बघतो जरा. गाडीत बसलो असं समजू नको."

मागचं दार नदीकडे उघडं ठेवून ते आडवे झाले आणि बघताबघता घोरू लागले.

ऊन वर आलं तसे मळ्याचे मालक आले. आप्पांच्याच वयाचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. नदीकाठ सगळ्यांचा, पण वाट त्यांच्या बांधावरून होती, त्यामुळे कोण, कुठले हे त्यांनी विचारणं बरोबरच होतं. मी नमस्कार केला. गाव सांगितलं.

"ते झालं. पण कुणाच्यातलं म्हणायचं तुम्ही?"

आमच्या भागात या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी वस्तीचं नाव सांगितलं, आप्पांचं नावही. त्यांनी मान वाकवून आत बघितलं.

"आरं, हा तर आमच्याकडं कामाला असायचा! उठवा की त्याला. म्हणावं, मालक आल्यात."

"झोपलेत ते," मी म्हणाले. "उठल्यावर बोला."

"अवो, वळखीचाच हाय. हाक मारतो मीच."

"नको." माझा आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "आज नको. थांबणार असाल तर चहा टाकते."

मिलिंदनं खुर्ची उघडून दिली. ते बसले, चहा प्याले, यंदा तंबाखूला भाव नाही म्हणाले, आणि उठून गेले. आप्पा घोरतच होते.

दुपारी आप्पा उठल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं.

"बसून ऱ्हायले? मी उठूस्तवर न्हाय, पण च्या पिऊस्तवर?"

"हो."

"ह्याच बांधावर त्यांची हाक आली की मी जेवतं ताट सोडून पळायचो." मग चपला घालत म्हणाले, "झोप लागली म्हंजे मी कबूल झालो असं न्हाय."

परत जाताना ते मोटरसायकलवरच बसले.

टिळकवाडीत आल्यावर शेजारच्यांनी ओरखडे बघून हळहळ केली आणि पॉलिशवाल्याचा नंबर देऊ केला. मी तो घेतलाही नाही. ही गाडी आता कुणाला दाखवायची राहिली नाही, याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या बांधावर एका माणसाची झोप तिनं राखली, आणि तसं काम तिनं चमकत असताना कधी केलं नव्हतं.

मिरवणुकीत आम्ही दोघं चालणार आहोत. कालच्या फोनवर गाडीचं सांगून झाल्यावर आप्पा म्हणाले, "जयंती झाली की समुद्र दावा मला एकदा. पर पुढं शिटावर बसणार न्हाय मी. मागं झोपूनच येणार. आन गादी जरा जाड कर, फळी टोचती."

गादीवाला सोमवारी माप घ्यायला येईल. चालत्या गाडीत झोपता येत नाही, पट्टा लावून बसावं लागतं, हे आप्पांना अजून सांगायचं आहे. भांडण मोठं होईल असा अंदाज आहे.