उजव्या पंखाचा माणूस

त्याला सगळे थांबाकाका म्हणायचे. विमानतळावर एकवीस वर्षं त्याचं एकच काम होतं. विमान जागेवर येताना त्याच्या उजव्या पंखाच्या टोकाबरोबर चालायचं आणि ते टोक कुठे घासत तर नाही ना, हे बघायचं. तुम्ही म्हणाल, एवढं मोठं धूड चालवणाऱ्या पायलटला स्वतःचा पंख दिसत नाही की काय? नाही दिसत! तो बघतो फक्त समोर, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाकडे. त्या माणसाच्या हातातल्या केशरी काठ्या हलतील तसं विमान हलतं. आणि समोरच्याने आलटून पालटून बघायचं डाव्या-उजव्या पंखवाल्यांकडे. पंखवाल्याने डोक्यावर काठ्यांची फुली केली की समोरच्याने करायची, की पायलटने ब्रेक दाबायचा.

थांबाकाका जरा शंका आली की फुली करायचाच. एकदा तर नुसत्या सावलीला बिचकून त्याने अख्खं विमान थांबवलं होतं, त्यावरून वर्षभर त्याची टर उडवली लोकांनी. पण एकवीस वर्षांत त्याच्या बाजूला एक ओरखडा नव्हता, आणि हे तो घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवायचा.

त्याच्या लेकीने परीक्षा दिली आणि थेट समोरची जागा मिळवली. बापापेक्षा वरची! गडी हवेत होता. "आता लेक सांगेल तसं ऐका," बायको म्हणाली, तर म्हणाला, "ऐकतो की, मला काय त्याची लाज?" अर्जविनंत्या करून त्याने तिला आपल्याच टोळीत घेतलं.

पण पोरगी नवीन. जीव मुठीत धरून उभी राहायची आणि दर दोन क्षणांनी उजव्या पंखाकडे बापाचं तोंड बघायची. बरोबर करतेय ना मी, बाबा? टोळीतल्यांना तेवढंच निमित्त. "ब्रेक बाबांना विचारून लागतो वाटतं!" हे थांबाकाकाच्या फार जिव्हारी लागलं. स्वतःची टिंगल त्याने कधी मनावर घेतली नव्हती, लेकीची मात्र सहन होईना.

"कामावर मी तुझा बाप नाही," तो जेवताना म्हणाला. "सारखं माझ्याकडे काय बघतेस? लोक हसतात."

"मग नको बघू?"

"नकोच बघूस. तुझं तुला कळतं."

त्याला म्हणायचं होतं, शाबासकीसाठी बघू नकोस. काठ्यांकडे बघायचं, हे काय वेगळं सांगायला हवं? पण ती पडली बापाचा शब्द तंतोतंत पाळणारी. दुसऱ्या दिवसापासून उजव्या पंखाकडची नजर ओझरती झाली, आठवड्याभरात जवळजवळ बंदच. तिकडे बाबा आहेत, मग काळजी कसली! त्याच्या ते लक्षात आलं होतं बरं का. पण तिचे हात आता असे ठाम चालत होते, हसणारे गप्प झाले होते, की त्याला वाटलं, बोलू उद्या. आणि ते 'उद्या' रोज पुढे गेलं.

त्या दुपारी शेजारच्या जागेवरचं विमान ट्रॅक्टरने खेचताना मध्येच जोडदांडा तुटला होता. विमान आपल्या रेषेपासून मागेच राहिलं, शेपटी बाहेर. वायरलेसवर कोणीतरी "पुरेशी जागा आहे" म्हणालं आणि सगळ्यांनी ते मानलं. आपलं विमान वळून आत आलं तेव्हा थांबाकाकाने टोक पाहिलं, शेपटी पाहिली. जागा नव्हती. त्याने काठ्यांची फुली केली.

लेक डाव्या पंखाकडे बघत होती.

तो ओरडला. इंजिनांच्या आवाजात आणि कानांवरच्या त्या टोप्यांमध्ये ओरडून काय उपयोग? धावत तिच्या नजरेसमोर जावं, तर मध्ये चालू इंजिन, माणूस आत ओढला जातो. काठी फेकून मारावी, तर तीही इंजिनात जायची. मग तो वेड्यासारखा जागच्या जागी उड्या मारत राहिला, फुली डोक्यावर धरून. खिडकीतल्या एका बाईला वाटलं, स्वागतच चाललंय. तिने हसून हात हलवला. अगं बाई, हात काय हलवतेस! लेकीच्या काठ्या शांतपणे विमानाला बोलावत होत्या, ये, ये, अजून ये. किती सुंदर करत होती ती काम. पंखाचं टोक शेपटीत घुसलं आणि पत्रा कागदासारखा चुरगळला, तेव्हा कुठे तिने वळून बापाकडे पाहिलं.

कोणाला खरचटलंही नाही, एवढंच नशीब. तिसऱ्या दिवशी चौकशी. लांब टेबल, भिंतीवर पडदा, पडद्यावर कॅमेऱ्यात टिपलेला थांबाकाका. साहेबांनी मोजून सांगितलं, फुली तब्बल अकरा सेकंद. "तुमची कमाल आहे, काका. तुम्ही जे करायला हवं ते सगळं केलंत."

रात्रभर त्याने ठरवलं होतं, म्हणायचं, मी फुली उशिरा केली. आता पडद्यासमोर ते कसं म्हणणार? तो तडक उठला. "साहेब, मीच तिला सांगितलं होतं, माझ्याकडे बघू नकोस म्हणून. देवाशपथ!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, मलाही मुलगी आहे. तुमच्या जागी मीही हेच बोललो असतो." आणि त्यांनी ते लिहिलं नाही.

"अगं, तू तरी सांग!"

लेक टेबलाकडे बघत म्हणाली, "बाबांनी असं काही सांगितलं नव्हतं. दुर्लक्ष माझं झालं."

"खोटं बोलतेय ती, साहेब!" तो ओरडला. कोणीतरी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

तिचा परवाना कायमचा रद्द झाला. त्याच्या सतर्कतेबद्दल प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. मग त्याने विचारलं, "का केलंस गं असं?"

"तुम्ही लेखी नियम मोडायला सांगितलंत, असं लिहिलं असतं तर तुम्हालाही काढलं असतं, बाबा. माझं जाणारच होतं. तुमची अजून सहा वर्षं आहेत." तिने खिडकीची काच वर केली. "उद्या सकाळची पाळी आहे ना? डबा मी करते, आईला उठवू नका."

त्याने मान हलवली. उद्या सकाळी त्याला जावंच लागणार होतं.