जीपमध्ये ओतलेला हंडा

हे मी घरी आईलाही बोललो नाही. चळवळीच्या गटातल्या मित्रांना तर नाहीच — त्यांच्यासमोर मी कायम दुसऱ्यांचेच गुन्हे वाचून दाखवत आलो. आता थकलोय. म्हणून तुम्हाला सांगतो.

एरवी नगरला पाहुणा आला की आम्ही त्याला किल्ला दाखवतो, संध्याकाळी चांदबिबीच्या महालावर नेतो. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मात्र पाहुणे दुष्काळच बघायला यायचे. पुण्या-मुंबईची कॉलेजातली मुलं, चांगल्या मनाची. कुठे जावं, काय बघावं, हे सांगायचं काम गटाने माझ्यावर टाकलं होतं. का? तर मी पत्रकं लिहायचो, आणि पाथर्डीकडची गावं मला ठाऊक होती. मी सांगायचो — खडी फोडणाऱ्या बाया बघा, गुरांची छावणी बघा, तळ्याचा भेगाळलेला तळ बघा. आणि शेवटी माझ्या मावशीच्या घरी गूळ-पाणी घ्या.

हे शेवटचं कशासाठी? — कारण ते लागू पडायचं. कोरड्याठाक गावात एक म्हातारी पाय धुवायला तांब्या पुढे करते, हातावर गुळाचा खडा ठेवते. मुलांचे डोळे भरून यायचे. परतताना जीपमध्ये कुणी बोलायचं नाही. मला ते हवं होतं.

पण तो तांब्या कसा भरतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. गावच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. मावशीची सून कौसा कपारीत पाय रोवत तळाशी उतरायची, झऱ्यापाशी बसून वाटीवाटीने हंडा भरायची. वरून दुसरी कुणी तो दोराने ओढून घ्यायची. सकाळ त्यातच सरायची.

एकदा बाजारच्या दिवशी पाहुणे नेले. त्या दिवशी खडीचं काम बंद, म्हणून कौसा घरी होती. मावशीने नेहमीसारखं सगळं केलं. चष्मेवाल्या एका मुलीने तांब्या हातात घेतला आणि मला हळूच विचारलं, "आम्ही प्यालो तर यांना पुरेल का?"

"रोज टँकर येतो," मी म्हणालो. "आणि नको म्हटलंत तर त्यांना वाईट वाटेल."

टँकर कित्येक दिवस फिरकला नव्हता. दुसरं वाक्य मात्र खरं होतं — आणि मला वाटतं, त्या खऱ्यानेच जास्त घात केला. मुलगी प्याली. सगळेच प्याले. पायही धुतले.

मग ड्रायव्हर म्हणाला, इंजिन तापलंय, रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागेल. निदान इथे तरी मी थांबायला हवं होतं ना? मी आत गेलो. घरात एकच हंडा उरला होता. तो मीच उचलला — कुणी सांगितलं नव्हतं. कौसा दारात उभी होती.

"भावजी, तुमच्या जीपलाबी गुळाचा खडा देऊ का?"

पाहुणे हसले. मीही हसलो. आणि हंडा ओतला.

आम्ही निघालो तेव्हा ती रिकामा हंडा काखेला लावून विहिरीकडे चालली होती. मला दिसली. दिसली नाही, असं म्हणण्याची सोय मला नाही.

दोन दिवसांनी गावाकडून निरोप आला — त्याच दिवशी, दुसऱ्या खेपेला कपारीतून पाय सुटला, कौसा तळाशी पडली, मांडीचं हाड मोडलं.

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. एका बैठकीत. 'कौसल्येचा पाय कुणी मोडला?' टँकर कुठे गेला, विहिरीला पायऱ्या का नाहीत, बायांनी जीव धोक्यात घालून किती दिवस पाणी भरायचं... लहानपणापासून पत्रकं वाचतच मी मोठा झालो. राग कसा लिहायचा हे मला शिकवावं लागत नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कचेरीसमोर मी ते वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. टँकर पुन्हा सुरू झाला — हे माझ्या बाजूने सांगत नाही. झालं, ते सांगतो.

पावसाळा संपल्यावर मावशीकडे गेलो. कौसा ओट्यावर पाय लांब करून बसली होती. हाड वाकडं जुळलं होतं. खडी सुटलीच होती. आता ऊसतोडही सुटली. मुकादम नवरा-बायकोची जोडी नेतो, जोडीचा मिळून एक कोयता धरतो. ती नाही, म्हणजे तिचा नवराही नाही. शेजारची सगळी घरं बिऱ्हाड बांधत होती. या घरात कुणी काही बांधत नव्हतं.

तिने उशाखालून पत्रक काढलं.

"मास्तरांनी वाचून दावलं," ती म्हणाली. "लई चांगलं लिवलंय भावजी. समदं खरं हाय. जीपचं तेवढं ऱ्हायलं."

"कागदावर जागा उरली नव्हती," मी म्हणालो.

"व्हय का?"

तिला वाचता येत नाही. तिने पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिने ती जरा वेळ पाहिली, कागदाची घडी घातली, आणि आत हाक दिली — "आत्याबाई, भावजी आल्यात. च्या ठिवा."

मी चहा प्यालो. बस गाठली.

पुढच्या महिन्यात ते पत्रक आम्ही पुन्हा छापलं. छपाईआधी मजकूर मीच तपासला. मागची बाजू कोरीच जाऊ दिली.