हुकमाचा एक्का फुकट गेला तेव्हा

देवदत्त माझा मोठा भाऊ. मी त्याला दादा म्हणते, आणि उभ्या आयुष्यात आम्ही एकमेकांशी सरळ बोललेलो नाही. बोरीवलीत बाभईला एकाच सोसायटीत राहतो, तो बी विंगला, मी सी विंगला. त्याने नोकरी टेलिफोन खात्यात केली, पण डोकं कायम आभाळात. गणपतीत दरवर्षी मांडवात त्याचं भाषण ठरलेलं: विश्वात आपल्याशिवाय कुणी शहाणं आहे का? मी मागच्या रांगेतून विचारायचे, "दादा, आधी आपल्या सोसायटीत कुणी आहे का ते बघ ना."

तो हसायचा नाही. म्हणायचा, "अंतराळयानं उडवली म्हणजे बुद्धी झाली असं नाही गं. समोरच्यालाही मन आहे, तो माझ्याबद्दल काय विचार करत असेल, हे ज्याला उमगतं तो बुद्धिमान. मग त्याला आठ पाय असोत नाहीतर एकही नसो." मला ते फार पुस्तकी वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द सापडेनात. पाणी हवं असलं तरी तोंडातून भलतंच निघायचं, आणि ते चुकलं हे त्याला कळायचं. समज शाबूत आहे, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण ऐकतो कोण? लोक यायचे, त्याच्यासमोर बसून अनुपमावहिनीला विचारायचे, "ओळखतात का माणसं?" मग त्याच्याकडे वळून, बाळाशी बोलावं तसं मोठ्यांदा बोलायचे. सगळे इतके गोड वागायला लागले की माझं डोकं फिरायचं. परग्रहावरून खूण येते का म्हणून जग कान लावून बसलंय, आणि इथे हातभर अंतरावरचा माणूस जीव तोडून खुणावतोय, तर आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवून "बरं बरं" म्हणतोय. दादा खोलीबाहेर येईनासा झाला. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर त्याने प्रयत्नच सोडला असता. त्याची मला फार भीती वाटत होती.

गणपती आले. भाषणाचा प्रश्नच नव्हता. पण गौरी गेल्या की दुपारी मांडवात पत्त्यांची, मेंढीकोटची स्पर्धा असते, आणि तिथे दादाची न् माझी जोडी जुनी. नंदकुमार आमचा सेक्रेटरी, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "माधुरी, यंदा दुसरा भिडू बघ. उगाच त्याचं हसं होईल."

"झालं तर आमचं होईल. तुझं काय जातंय?" म्हटलं, आणि दादाचा हात धरून त्याला खाली आणलं.

मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी. चारातल्या जास्त मेंढ्या ज्या जोडीने पकडल्या, ती जिंकली. बरोबरी झाली तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. भिडू समोरासमोर बसतात आणि एकमेकांशी बोलायला सक्त मनाई. हुकूमसुद्धा आमच्याकडे बोलून ठरत नाही. उतारीचा रंग ज्याच्याकडे आधी संपेल, तो टाकेल त्या पानाचा रंग हुकूम. म्हणजे डावात सगळेच मुके. हे माझ्या डोक्यात तिथे बसल्यावर आलं, आणि मला एकदम धीर आला.

एकेक जोडी गारद करत आम्ही शेवटच्या डावाला पोचलो. समोर नंदकुमार आणि त्याची बायको शर्मिष्ठा. किलवर हुकूम. आमच्या दोन मेंढ्या झाल्या होत्या, त्यांची एक, पण हात त्यांचे जास्त. चौथी मेंढी, इस्पिकची, माझ्याच हातात अडकलेली. ती गेली की डाव गेला. माझ्याकडचे हुकूम कधीच संपले होते. उरली तीन-तीन पानं, उतारी दादाची.

त्याने हुकमाचा एक्का टाकला.

मांडवात कुजबुज झाली. एक्का जपून ठेवतात, मेंढी मारायला. असा रिकामा कोण टाकतो? "वाट लागली," कुणीतरी म्हणालं. नंदकुमारने नाइलाजाने आपला शेवटचा हुकूम खाली ठेवला आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. मलाही वाटलं, डाव गेला. दादा वर बघत नव्हता. नियम म्हणजे नियम.

आणि मग माझी ट्यूब पेटली. मी मघापासून इस्पिक टाळतेय, म्हणजे मेंढी माझ्याकडे आहे, हे त्याने ताडलं होतं. नंदकुमार एक हुकूम दाबून बसलाय, हेही. हा एक्का माझ्यासाठी होता. कुणालाही मारता येणार नाही असं पान खाली ठेवून तो मला सांगत होता: टाक, आत्ता.

मी इस्पिकची दश्शी टाकली. तिसरी मेंढी. डाव आमचा.

मग टाळ्या, शिट्ट्या, सगळा मांडव डोक्यावर. वहिनी पदर डोळ्यांना लावून हसत होती, मी तर सरळ रडत होते आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

नंदकुमारने उरलेली पानं आपटली. "लबाड आहेस देवा तू, पक्का लबाड," तो दादावर खेकसला. "माझ्याकडे एक हुकूम उरलाय हे तुला कधी कळलं? सांग."

झटक्यानंतर दादावर चिडलेला पहिला माणूस. वहिनीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. दादाने शब्द शोधला, चुकीचा आला, त्याने मान हलवून तो मोडीत काढला आणि पानं उलगडून तो हात परत मांडायला घेतला. नंदकुमार खुर्ची पुढे ओढून उत्तराची वाट बघत बसला.