अक्काच्या डोळ्याला पाणी कामून न्हाई

जनवाड्याच्या ग्रुपातल्या समद्यांना पुण्याहून जयभीम. आज माझी थोरली भन, आपली अक्का जिंकली, म्हणून ड्युटी बुडवून लिहायलोय.

सासरा वारला तवा अक्काच्या डोळ्यातून टिपूस आलं न्हाई, हे गावभर झालं होतं. "दगडाच्या काळजाची हाय," असं तिची सासूच सांगत फिरायची. भाकरीच्या घासाघासाला पाणी लागायचं, तेबी नखरे ठरले. सांधे दुखायलेत म्हणली की कामचुकार.

शेवटी मी अक्काला इथल्या दवाखान्यात बोलावलं. सासूबी संगं आली, राखणीला!

आज डॉक्टरीणबाईंनी अक्काच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. थोड्या वेळानं काढली तर कोरडी ठणठणीत.

सासू म्हणली, "कागदच खोटा असंल. मला लावा बघू!"

बाई हसल्या अन् लावली. म्हातारीची पट्टी बघता बघता भिजली.

मग बाईंनी आधी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट समजावला. शोग्रेन नावाचा आजार हाय. रक्तातल्या अँटीबॉडी आपल्याच अंगावर उलटतात अन् डोळ्याचं, तोंडाचं पाणी आटवतात. सांधेबी त्यानंच धरतात. पुरता जात न्हाई, पण औषधानं आटोक्यात राहतो.

बाहेर पायरीवर आल्या आल्या सासूनं गावाकडं अक्काच्या नणंदेला फोन लावला. "माझ्या सुनेला दगड म्हणायचं न्हाई कुणी! व्हय, पहिली मीच म्हणले होते. आता मीच सांगायले."

अक्का तोंडाला पदर लावून हसायली.

मंडळी, तुमच्या घरी कोण कोरड्या घशानं बोलणी खायलंय, तेवढं बघता का?